खाऱ्या टाकीचा वाफसा : मासे सोडण्यापूर्वी पाणी कसे मुरवावे

शेतीस जोडधंदा असावा हे तत्त्व आमच्या वाचकांस नव्याने पटवून देण्याचे कारण नाही. गाई-म्हशी, कोंबड्या, मधमाश्या ह्यांच्या जोडीस अलीकडे किनारपट्टीच्या जिल्ह्यांत एका नव्या धंद्याची चौकशी होऊ लागली आहे. तो धंदा म्हणजे समुद्रातील शोभिवंत मासे टाकीत वाढवून विकणे. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाउन माशांची पैदास टाकीत करून दाखविल्यापासून हा मासा समुद्रातून धरून न आणताही मिळू शकतो. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभिवंत माशांच्या संगोपनास साहाय्याची तरतूद झाली, त्यामुळेही पुष्कळांचे लक्ष इकडे वळले. धंदा चांगला की वाईट, ह्याचा निर्णय ज्याने त्याने आपली जागा, भांडवल व गिऱ्हाईक पाहून करावा. आम्हांस आज बोलावयाचे आहे ते त्यातील अगदी पहिल्या पायरीविषयी. कारण ह्या धंद्यातील पहिले व बहुधा सर्वांत मोठे नुकसान ह्याच पायरीवर होते.

नुकसानीचा प्रकार सर्वत्र सारखाच आढळतो. टाकी आणली, पाणी भरले, त्यात मीठ विरघळविले. दुसरे दिवशी पाणी आरशासारखे निवळले. विक्रेता म्हणाला, ‘पाणी तयार आहे, मासे आजच घेऊन जा.’ मासे सोडले. चार दिवस ते छान पोहले, खाद्य खाल्ले. पुढे त्यांची भूक मंदावली, कल्ले भराभर हलू लागले, मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, आणि पंधरवडा उलटण्यापूर्वी टाकी रिकामी झाली. मालक माशास, खाद्यास किंवा आपल्या नशिबास दोष देतो. कित्येकजण रोग समजून औषधे ओततात. वास्तविक रोग नव्हताच. पाणी स्वच्छ होते, परंतु टाकी तयार नव्हती. स्वच्छ पाणी व तयार टाकी ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, एवढे ज्यास उमगले त्याचे अर्धे नुकसान टळले. नांगरून भुसभुशीत दिसणाऱ्या जमिनीतही वाफसा आल्यावाचून आपण बी पेरीत नाही. तोच नियम येथे लावावयाचा आहे.

विष कोठून येते?

मासा जे खातो त्यातील नत्राचा बराच भाग तो कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतो. उरलेले खाद्य व विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. गोठ्यात मूत्र साचले की जो उग्र दर्प नाकास झोंबतो, तोच हा वायू. समुद्र अफाट असल्यामुळे तेथे तो साचत नाही. टाकीत मात्र त्यास जाण्यास वाट नसते.

हिशेब करून पाहू. शेकडा ४५ प्रथिन असलेल्या एक ग्रॅम खाद्यात सुमारे ७२ मिलिग्रॅम नत्र असते. त्यातील निम्मे अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरते असे धरले तर ३६ मिलिग्रॅम झाले. ३०० लिटर पाण्याच्या टाकीत रोज दोन ग्रॅम खाद्य पडल्यास आठ दिवसांत दर लिटरमागे सुमारे दोन मिलिग्रॅम अमोनियारूपी नत्र साचेल. आकडा लहान दिसतो, परंतु कोवळ्या माशास तो जीवघेणा आहे.

त्यातही खाऱ्या टाकीचा धोका गोड्या टाकीपेक्षा अधिक असतो. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत राहतो. त्यांपैकी मुक्त वायुरूप अमोनिया अत्यंत विषारी. दुसरे अमोनियमचे रूप पुष्कळच सौम्य. पाणी जितके अल्कधर्मी, तितका विषारी भाग जास्त. २५ अंश उष्णतेच्या गोड्या पाण्यात पीएच ७ असता एकंदर अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग सुमारे पाच टक्के होतो. समुद्राच्या पाण्यात हे आकडे किंचित कमी भरतात, पण चढण्याचा क्रम तोच. आणि समुद्राचे पाणी स्वभावतःच ८.१ ते ८.३ ह्या दरम्यान असते. सबब गोड्या टाकीत जी चूक खपून जाते ती खाऱ्या टाकीत खपत नाही.

जमिनीने शिकविलेला धडा

ह्या विषावरील उतारा मत्स्यशास्त्राने नव्हे, शेतीशास्त्राने प्रथम ओळखला, ही गोष्ट आमच्या वाचकांस आनंद देईल. फ्रान्समध्ये १८७७ साली श्लोसिंग व म्युन्ट्स ह्या दोन शास्त्रज्ञांनी सांडपाणी जमिनीतून गाळून शुद्ध कसे होते ह्याचा शोध चालविला होता. त्यांनी एका नळीत रेती व चुनखडी भरून तिच्यातून सांडपाणी अगदी सावकाश झिरपत ठेवले. पहिले वीस दिवस पाण्यातील अमोनिया जसाचा तसा खाली येत राहिला. त्यानंतर मात्र त्याचे नायट्रेट होऊ लागले, व अखेर सर्वच अमोनियाचे नायट्रेट झाले.

आता हा वीस दिवसांचा विलंब कशामुळे? क्रिया केवळ रासायनिक असती तर पहिल्याच दिवशी सुरू झाली असती. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली; क्रिया तत्काळ थांबली. क्लोरोफॉर्म काढून मातीचे थोडे गढूळ पाणी आत घातले. क्रिया पुन्हा सुरू झाली. अर्थात हे काम सजीवांचे होते, आणि ते वीस दिवस त्या सजीवांची वस्ती वाढण्यात गेले होते. पुढे इंग्लंडातील रॉथमस्टेड येथे वॉरिंग्टन ह्यांनी ही क्रिया दोन टप्प्यांनी होते असे दाखविले, आणि १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की ह्यांनी ते जंतू वेगळे काढले. एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे नायट्रेट करते. आपण शेतात अमोनियम सल्फेट टाकतो, त्याचे पिकास सहज घेता येईल असे नायट्रेट हेच जंतू करीत असतात.

टाकीतही नेमके हेच घडवून आणावयाचे असते. फरक इतकाच की जमिनीत ही वस्ती पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेली असते, आणि नव्या काचेच्या टाकीत ती शून्यापासून उभी करावी लागते. नंतरच्या संशोधनाने ह्या कामगारांच्या यादीत भर घातली आहे. टाक्यांतील दुसऱ्या टप्प्याचे काम बहुतांशी नायट्रोस्पायरा नावाचे जंतू करतात असे दिसून आले. तसेच २००५ साली अमेरिकेतील सिएटल येथील मत्स्यालयाच्या सागरी टाकीतून अमोनिया खाणारा एक अगदी निराळ्या कुळातील सूक्ष्म जीव हाती लागला. नावे बदलली तरी शेतकऱ्याने ध्यानात ठेवावयाचा धडा बदलला नाही. हे जीव फार सावकाश वाढतात. दूध नासविणाऱ्या जंतूंची संख्या अनुकूल स्थितीत तासाभरात दुपटी-चौपटीने वाढते; ह्यांस एकदा दुप्पट होण्यासच कित्येक तास, प्रसंगी एक दिवस वा त्याहूनही अधिक काळ लागतो. पैसे खर्चून हा काळ फारसा कमी करता येत नाही.

पाणी कोणते घ्यावे?

समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी १९.४ ग्रॅम क्लोराइड व १०.८ ग्रॅम सोडियम. बाकीच्यांत सल्फेट, मॅग्नेशियम, चुना, पोटॅश इत्यादी येतात. म्हणून खाण्याचे मीठ पाण्यात टाकले की समुद्राचे पाणी झाले, असे समजणे चूक आहे. तसेच एखाद्या विहिरीचे पाणी खारट लागते म्हणून ते समुद्राच्या जागी चालेल असेही नाही. त्यातील क्षारांचे प्रमाण निराळे असते.

ज्यांचे गाव समुद्रकाठी आहे त्यांनी पाणी आणावयाचे झाल्यास पावसाळा संपून खाडीचे पाणी पुरते खारे झाल्यानंतर, भरतीच्या वेळी, खाडीच्या मुखापासून व गावाच्या सांडपाण्यापासून दूर जाऊन आणावे. ते दाट कापडातून गाळून झाकलेल्या प्लॅस्टिकच्या पिंपात अंधारात पंधरा दिवस ठेवावे, म्हणजे त्यातील बहुतेक तरंगते जीव मरून तळाशी बसतात. वरचे निवळ पाणी तेवढे घ्यावे. इतरांनी सागरी टाक्यांसाठी मिळणारे तयार मिश्रमीठ वापरावे. ३०० लिटर पाण्यास ते साडेदहा ते अकरा किलो लागते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असल्यास ‘हायपो’ घालून ते आधी मारावे. जे द्रव्य घरातील पाण्याचे जंतू मारते ते आपल्या कामाचे जंतूही मारतेच. क्षार मोजण्याच्या नळीवर विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ दिसले पाहिजे.

पाण्याच्या पातळीस काचेवर एक रेघ मारून ठेवावी. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, हे मिठागर पाहिलेल्यास सांगावे लागत नाही. म्हणून रेघेखाली गेलेले पाणी नेहमी गोड्या पाण्याने भरून काढावे, खाऱ्याने नव्हे.

टाकी व जंतूंचे घर

हे जंतू पाण्यात मोकळे फारसे राहत नाहीत. ते पृष्ठभागास चिकटून राहतात. गाळणीतील स्पंज, सच्छिद्र भाजीव तुकडे, शिंपल्यांचा चुरा, जाडसर रेती ह्यांवर त्यांची वस्ती होते. जितका पृष्ठभाग अधिक व पाण्याचा वाहता स्पर्श अधिक, तितकी वस्ती मोठी. शिंपले उकळत्या पाण्यातून काढून, मांस व घाण पूर्ण धुऊन, मगच चुरा करावा. समुद्रातून प्रवाळाचे दगड मात्र आणू नयेत. पुस्तकांत ‘जिवंत दगड’ म्हणून ज्यांची स्तुती आढळते ते बहुधा परदेशातील प्रवाळ-भित्तीचे असतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळ संरक्षित आहेत व ते काढणे गुन्हा आहे.

तांबे, पितळ व जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड ह्यांचा पाण्यास स्पर्श होऊ देऊ नये. टाकी साबणाने धुऊ नये. कित्येक शेतकरी स्वस्त पडते म्हणून सिमेंटची टाकी बांधतात. तीत हरकत नाही. परंतु नव्या सिमेंटमधून चुना सुटून पीएच फार चढतो, आणि पीएच चढला की अमोनियाचे विष कसे वाढते हे वर सांगितलेच आहे. अशी टाकी कित्येक आठवडे साध्या पाण्याने भरून व रिकामी करून, पीएच स्थिर झाल्याची खात्री पटल्यावरच उपयोगात आणावी.

हवेचा पंप ही चैन नसून निकड आहे. २८ अंशांस समुद्राच्या एक लिटर पाण्यात फार तर साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. एक मिलिग्रॅम अमोनियारूपी नत्राचे नायट्रेट करण्यास जंतूंना सुमारे साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. पुढे सांगितलेल्या एका मात्रेचा हिशेब केला तर लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू हवा. म्हणजे टाकीतील सर्व प्राणवायूहूनही अधिक. तो सतत बाहेरूनच आला पाहिजे. ज्या गावी वीज वारंवार जाते तेथे बॅटरीवर चालणारा लहान पंप जवळ ठेवल्यावाचून धंद्यास हात घालू नये.

विरजण व चारा

वस्ती उभी करण्यास दोन वस्तू लागतात : विरजण आणि चारा. विरजण म्हणून निरोगी, जुन्या खाऱ्या टाकीतील मूठभर ओली रेती किंवा गाळणीच्या स्पंजाचा तुकडा उत्तम. गोड्या टाकीतील विरजण खाऱ्या पाण्यात नीट लागत नाही. ज्या टाकीत मासे आजारी आहेत किंवा नुकते मेले आहेत तेथील काहीही आणू नये. दह्याबरोबर रोगही येईल. बाजारात बाटलीतील जंतूही मिळतात. ते घेतल्यास सागरी टाकीसाठीचे, मुदतीतील व उन्हात न ठेवलेले घ्यावेत. काहीच न मिळाल्यास हे जीव हवा, पाणी व हाताळणी ह्यांवाटे हळूहळू येतातच. फक्त काळ अधिक लागतो.

चारा म्हणजे अमोनिया. पूर्वी ह्यासाठी काटक मासे आधी सोडून त्यांच्या विष्ठेवर टाकी मुरविण्याची चाल होती. ते मासे बहुधा मरत किंवा जन्माचे अधू होत. मुक्या जिवास विषात कोंडून आपले काम साधणे शेतकऱ्यास शोभत नाही, आणि त्याची आवश्यकताही उरलेली नाही. कोणी कोळंबीचा तुकडा कुजत ठेवतात. त्याने काम होते, पण अमोनिया किती सुटला ह्यास माप राहत नाही व घाण फार होते.

ह्याहून सरळ उपाय नवसागर हा होय. कल्हई करताना वापरतात तोच हा क्षार, म्हणजे अमोनियम क्लोराइड. मात्र कल्हईवाल्याकडचा घेऊ नये. रसायनाच्या दुकानातील शुद्ध घ्यावा. शेतातील खतेही वापरू नयेत. त्यांत काय मिसळ आहे ह्याची खात्री नसते, आणि युरियाचा तर आधी अमोनिया व्हावा लागतो, त्यामुळे मोजमाप फसते. ३०० लिटर पाण्यास दोन ग्रॅम नवसागर टाकल्यास दर लिटरमागे सुमारे दोन मिलिग्रॅम, म्हणजे दशलक्षांत दोन भाग अमोनिया होतो. ही आपली एक मात्रा. ती पेलाभर पाण्यात विरघळवून गाळणीजवळ ओतावी.

पाच-सहा आठवड्यांचा क्रम

एक वही करावी. तीत तारीख, उष्णता, क्षार, पीएच, अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट असे सात रकाने पाडावेत. परीक्षेची द्रव्ये खाऱ्या पाण्यासाठी असलेलीच घ्यावीत. उष्णता २६ ते २८ अंश राखावी. कोकणात त्यासाठी बहुधा वेगळी तजवीज लागत नाही, फक्त टाकी उन्हापासून दूर हवी. दिवे बंद ठेवावेत. प्रकाशाने शेवाळ माजते आणि ह्या जंतूंना तो मानवतही नाही.

पहिल्या दिवशी विरजण व एक मात्रा घालावी. त्यानंतर एक दिवसाआड परीक्षा घ्यावी. पहिले आठ-दहा दिवस काही घडत नाही असेच वाटेल. अमोनिया जागचा हलणार नाही. ह्या वेळी अधीर होऊन आणखी नवसागर टाकू नये. अमोनिया फार झाला तर दुसऱ्या टप्प्याचे जंतू वाढत नाहीत.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरू लागेल व नायट्राइटचा रंग दिसू लागेल. दोन भाग अमोनियापासून सुमारे साडेपाच भाग नायट्राइट होते, त्यामुळे परीक्षेचा रंग एकदम गडद झाल्यास घाबरू नये. अमोनिया अर्ध्या भागाच्या खाली गेला म्हणजे पहिली टोळी कामास लागली. तिची उपासमार होऊ नये म्हणून दर चार-पाच दिवसांनी फक्त अर्धा ग्रॅम नवसागर द्यावा, आणि नायट्राइट उतरण्याची वाट पाहावी.

हा मधला काळ सर्वांत कंटाळवाणा असतो व येथेच पुष्कळांचा धीर सुटतो. ‘अमोनिया तर शून्य झाला, मग मासे का सोडू नयेत?’ असे मन विचारते. समुद्राच्या पाण्यातील क्लोराइडमुळे नायट्राइट माशास गोड्या पाण्याइतके बाधत नाही हे खरे. परंतु ते साचून आहे ह्याचा अर्थच असा की काम अर्धे राहिले आहे. अर्ध्या कुजलेल्या शेणखताने पीक जसे पिवळे पडते, तसेच अर्ध्या मुरलेल्या टाकीत मासा खंगतो. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात नायट्राइटही उतरते आणि नायट्रेट वाढलेले दिसते. विरजण चांगले असल्यास हा सर्व क्रम याहून लवकर आटोपतो.

अडल्यास काय करावे?

तीन आठवड्यांनंतरही अमोनिया हलला नाही तर क्लोरीन राहिला काय, हवा पुरेशी आहे काय आणि पीएच किती आहे, हे क्रमाने पाहावे. जंतूंच्या ह्या कामात पाण्याची अल्कता खर्च होते. समुद्राच्या पाण्यात ती चुनखडीच्या मापाने दर लिटरमागे सुमारे ११५ मिलिग्रॅम असते. आपली एक मात्रा त्यातील सुमारे बारा मिलिग्रॅम खाते, म्हणजे दहा मात्रांत सर्व शिल्लक संपेल. पीएच ७.८ च्या खाली उतरल्यास ३०० लिटरांस २५ ग्रॅम खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून दोन-तीन वेळा विभागून घालावा.

नायट्राइट बरेच दिवस एकाच जागी अडून राहिल्यास चिमूटभर माशांचे खाद्य टाकून पाहावे; जंतूंना थोडे स्फुरदही लागते, व ते शुद्ध नवसागरात नसते. पाणी पांढुरके झाल्यास काळजी नको. ते इतर जंतूंच्या वाढीमुळे होते व आपोआप निवळते. गाळणी मात्र नळाच्या पाण्याखाली धुऊ नये, आणि जंतुनाशक औषध ह्या टाकीत कधीही घालू नये.

अखेरची परीक्षा

टाकी तयार झाली की नाही हे डोळ्यांनी, वासाने किंवा विक्रेत्याच्या शब्दाने ठरवू नये. दोन ग्रॅमची पूर्ण मात्रा घालावी व बरोबर चोवीस तासांनी परीक्षा घ्यावी. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसली पाहिजेत. लागोपाठ दोन वेळा असे झाले, तर टाकीस वाफसा आला असे समजावे. एकदाही शिल्लक दिसली तर आणखी आठवडाभर थांबावे.

ह्या मुदतीत एकंदर पाच मात्रांइतका नवसागर पडला असेल तर नायट्रेट दशलक्षांत सुमारे छत्तीस भाग साचलेले असेल. तेव्हा अर्धे ते पाऊण पाणी काढून त्याच क्षाराचे व त्याच उष्णतेचे नवे पाणी भरावे. त्याने जंतू वाहून जात नाहीत. ते रेतीस व गाळणीस घट्ट चिकटलेले असतात. मासे येण्यास विलंब असल्यास दर दोन-तीन दिवसांनी अर्धा ग्रॅम नवसागर देत राहावे, नाहीतर उभी केलेली वस्ती उपाशी मरून कमी होईल.

मासे सोडणे

परीक्षेत उतरलेली टाकी रोज सुमारे ४९० मिलिग्रॅम अमोनियारूपी नत्र पचवू शकते. वरच्याच हिशेबाने ते तेरा ग्रॅम खाद्याबरोबर होते. परंतु कागदावर एवढे निघाले म्हणून पहिल्याच दिवशी टाकी भरून टाकू नये. जंतूंची संख्या मिळणाऱ्या चाऱ्याबरोबर कमी-जास्त होत असते, आणि माशांचे खाणे, हवा व उष्णता ही रोज सारखी राहत नाहीत. प्रथम क्लाउन माशांची एक जोडी सोडावी, तीही निराळ्या टाकीत काही आठवडे निरोगी राहिल्याची खात्री पटल्यावर. पहिले दोन आठवडे रोज अमोनिया व नायट्राइट पाहावी. शून्याच्या वर काही दिसल्यास त्या दिवशी खाद्य बंद करून पाणी बदलावे. सर्व ठीक असल्यास पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने थोडे थोडे मासे वाढवावेत. मासे घेताना ते पैदास केंद्रातील आहेत ह्याची खात्री करावी. समुद्रातून धरलेले घेऊ नयेत. समुद्रघोडा संरक्षित असल्याने तो कोणी देऊ केला तरी नाकारावा.

ह्या सर्वांत खर्च होतो तो मुख्यतः काळाचा. सहा आठवडे रिकामी टाकी, चालू पंप आणि विजेचे बिल पाहून जीव कासावीस होतो, विशेषतः भांडवल कर्जाऊ असेल तर. पण त्याच दिवसांत मासे सोडून ते गमावले, की पैसा जातो, जीव जातात, आणि सहा आठवडे पुनः पहिल्यापासून मोजावे लागतात. म्हणून कर्जाचा पहिला हप्ता ठरवितानाच ही मुदत हिशेबात धरावी, आणि मासे विकणाऱ्यास आगाऊ रक्कम देऊ नये. पूर्ण मात्रा चोवीस तासांत दोनदा पचल्याची नोंद वहीत झाल्यावरच मासे आणावयास निघावे.